दंडावरचा लांडगा

॥ श्री ॥

मखमलाबाद, नाशिक
२ डिसेंबर १९९६

ती. स्व. ताईस,
शुभांगीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि तांदूळही पोचला. आत्याबाईंनी तो हुंगला, दोन दाणे चावले आणि यंदा बरा आहे म्हणाल्या. माझ्या सासूबाईंच्या तोंडून 'बरा' म्हणजे दाजींच्या गिरणीला पदकच मिळालं असं समज.

इकडे शेवंती जोरात आहे. मार्गशीर्षाचे गुरुवार तोंडावर आलेत. हे पहाटे फुलं घेऊन पंचवटीत जातात. मी आणि आत्याबाई दिवसभर खुडतो.

आता मुद्द्याचं. तू रागावशील म्हणून हे शेवटी लिहिणार होते, पण शेवटी कागद उरत नाही. माझ्या डाव्या दंडात गाठी आल्यात. सुपारीएवढ्या, कातडीच्या खाली, खोल. हात लागला की ठणकतात. पावसाळ्यात एक आली होती ती आपोआप बसली, पण बसताना स्वतःबरोबर माझा थोडा दंडही घेऊन गेली. तिथे खड्डा पडलाय ताई, खराखुरा. त्यात अंगठा बसतो. आता उजव्या गालातही तसंच काहीतरी कडक लागतंय.

आत्याबाईंचं निदान असं की सुनेच्या अंगात मांस नाही म्हणून कातडी आत पडते. म्हणून सकाळी डिंकाचे लाडू, दुपारी तूपभात, संध्याकाळी खारकांचं दूध. मी सगळीकडून भरत चाललेय, खड्डा सोडून. नगरपालिका रस्ता करते ना, तसं झालंय: खड्डा तसाच आणि भोवतीचा रस्ता उंच. दोन ब्लाउज उसवले. हे लांब उभे राहून बघतात आणि फारसं दिसत नाही म्हणतात. इतक्या लांबून मीसुद्धा दिसत नसेन.

शेजारची नवसाबाई रोज कुंपणावरून विचारते की मी साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून का खुडते. काल तिनं हळूच सांगितलं की अंगावर काही उठलेल्या बाईच्या हातची फुलं पंचवटीत देवाला घेत नाहीत. गोड आवाजात म्हणाली, त्यामुळे जास्त लागलं.

आईला यातलं काही कळवू नकोस. दाजींना नमस्कार, मुलींना गोड पापे. तुझी माया आहेच; तिला तेवढा खड्डा पडू देऊ नकोस.

तुझी
शुभा

॥ श्री ॥

घोटी
११ डिसेंबर १९९६

चि. सौ. शुभांगी हिस,
छायाताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, आणि दुसऱ्यांदा इतकी चिडले की वरणाला फोडणी घालायची ती दुधाला घातली. तुझ्या दाजींनी ते मुकाट्यानं प्यायलं.

अगं, दंडाला खड्डा पडतो आणि तू लाडू खात बसतेस? पावसाळ्यापासून? लहानपणी पायात काटा मोडला तरी चार दिवस लपवून ठेवायचीस आणि मग पाय सुजला की आईचा मार मला. आता तो मार खायला मी तिथे नाही. गोरक्षरावांना माझा निरोप सांग: या आठवड्यात त्यांनी तुला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं नाही, तर मी दोन्ही मुली, शिलाई मशीन आणि तुझे दाजी एवढं सामान घेऊन तुमच्या ओट्यावर राहायला येईन. दाजी घोरतात हेही सांग.

तुझ्या सासूबाईंचे लाडू खा, त्यांचं मन मोडू नकोस. पण ते औषध नव्हे. आणि नवसाबाईला सांग, देवाला एवढी निवड असती तर त्यानं तिला तरी कुठे निवडलं असतं?

डॉक्टर काय म्हणतात ते सगळं लिही. गंमत नंतर, निदान आधी. सासूबाईंना नमस्कार.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
छायाताई

॥ श्री ॥

मखमलाबाद, नाशिक
४ जानेवारी १९९७

ती. स्व. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझ्या ओट्याच्या धमकीनं काम केलं. दाजी घोरतात हे ऐकल्यावर यांनी दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल काढली.

डॉक्टरीणबाई शांत आहेत. त्यांनी दंड दाबून पाहिला, गाल पाहिला, मग जागा बधिर करून आतला एक तुकडा काढला आणि तपासायला मुंबईला पाठवला. ताई, आधीच तिथला माल कमी, त्यात बाईंनी नमुना घेतला. निकाल आला. नाव सांगते, धीर धर: ल्यूपस पॅनिक्युलायटिस. यांनी ते हातावर लिहून घेतलं आणि घरी येईपर्यंत घामानं 'ल्यू' तेवढं उरलं.

बाईंनी समजावलं ते असं. अंगात राखणदार असतात, बाहेरचा रोग आला की मारायला. माझ्या राखणदारांचं डोकं फिरलंय. ते कातडीखालच्या चरबीच्या थरालाच चोर समजून बडवतात. तिथे सूज येते, गाठ होते, आणि गाठ बसली की चरबी गेलेली असते, म्हणून खड्डा. कुणाला लागत नाही, कुणाकडून आलेला नाही, खाण्यानं नाही. उन्हानं मात्र चाळवतो. लांब बाह्या, छत्री, आणि दुपारी शेतात जायचं नाही. फुलवाल्याच्या सुनेला ऊन वर्ज्य! गोळी दिलीय ती मलेरियाच्या जातीची. औषधाच्या दुकानात यांनी भांडण काढलं की आमच्याकडे मलेरिया नाही, चुकीचं देऊ नका. बाईंना फोन करून विचारलं तेव्हा शांत झाले.

धास्ती एका गोष्टीची आहे. हा रोग कधी कधी आतही उतरतो, मूत्रपिंडापर्यंत. त्यासाठी रक्त आणि लघवी तपासायला दिलीय. निकाल यायचाय. तोवर मी रोज सकाळी स्वतःचे पाय दाबून सूज बघते.

आता गंमत, तिला काय म्हणावं ते तूच ठरव. यांनी विचारलं की ल्यूपस म्हणजे काय. बाई हसून म्हणाल्या की जुन्या परदेशी भाषेत लांडगा. पूर्वीच्या वैद्यांना अशा जखमा लांडगा चावल्यासारख्या वाटल्या म्हणून. घरी येऊन यांनी हे आत्याबाईंना सांगितलं. परवा नवसाबाई चार बायका घेऊन कुंपणापाशी आली आणि सरळ विचारलं की सुनेच्या हाताला काय झालंय, खरं सांगा. आत्याबाईंनी खुडलेलं फूल टोपलीत टाकलं आणि म्हणाल्या, लांडगा चावला.

माझ्या हातून टोपली पडली. आत्याबाई पुढचं फूल खुडायला लागल्या. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, डॉक्टरीणच म्हणते ना, मग मी काय खोटं बोलले?

मुलींना आशीर्वाद. आता तुझ्या पत्राची वाट बघणं हाच एक उन्हाविना करण्याजोगा उद्योग उरलाय.

तुझी
शुभा

॥ श्री ॥

मखमलाबाद
१९ जानेवारी १९९७

चि. सौ. भागुबाईस, मु. हरसूल,
थोरली बहीण चंद्रभागाचा आशीर्वाद.

(मावशी, नमस्कार. आत्याबाई सांगतायत, मी लिहितेय. एक शब्द बदलायचा नाही अशी ताकीद आहे. — शुभांगी)

पत्रास कारन की, लांडगा केवढा असतो ते मला ताबडतोब कळव. तू डोंगराकडची हायेस, तुला ठावं असंल. रंग कोनता, शेपूट कसं, आन् तो मानसाला दंडालाच का चावतो याचं कायतरी कारन पन कळव.

इकडं लय घोळ झालाय. गावातून कुनीतरी जंगल खात्याला सांगितलं. त्यांचा रावजी नावाचा मानूस आला. भला हाय, पन प्रश्न फार. शुभीच्या दंडाचा खड्डा त्यानं शिंप्याच्या टेपानं मोजला. मला विचारलं, लांडगा कोन्या रंगाचा. मी म्हनलं काळा. तो म्हनला, आजी, काळा लांडगा आपल्याकडं नसतो. मी म्हनलं, सांजच्याला समदंच काळं असतं. मग म्हनला कोनीकडून आला. मी रामशेजच्या डोंगराकडं हात केला. त्यानं तसं लिवून घेतलं. आता मला मागं फिरता येत नाय.

काल ट्रॅक्टरवरून पिंजरा आला. बिबट्याचा हाय. लांडग्याचा वेगळा पिंजरा खात्यात नसतो म्हने. बिबट्याच्यात लांडगा मावतो. शेवंतीच्या कडंला ठिवलाय. आत बांधायची शेळी मात्र आपली. माझी तरनी शेळी, भागे! दिवसभर वरडती आन् माझ्याकडं बघती. मी तिला भाकरी नेऊन टाकते. मेंढरं घेऊन नाथा आलाय कालव्यावर, त्याचं कुत्रं मंगळू, ते भाकरीच्या वासानं माझ्या मागं मागं येतं.

तू म्हनशील, चंद्रे, म्हातारपनी खोटं का बोललीस. शुभे, हे लिवू नको. (लिहितेय. — शुभांगी) भागे, तुला आपली आक्काबाई चुलती आठवती ना. कपाळाला पांढरा डाग उठला निस्ता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. तिचं ताट वेगळं झालं, मग अंथरून वेगळं, मग गोठ्यात गेली. तिच्या हातचं पानी कुनी घेतलं नाय, मरस्तोवर. मी बी घेतलं नाय. हिचा रोग लागत नाय असं डॉक्टरीन म्हनती, पन डॉक्टरीन का कुंपनावर येऊन बसनार हाय? लांडगा चावलेल्या बाईला लोकं बघाया येतात, पन तिच्या हातचा चहा पितात. मी डोळ्यानं पाह्यलं. कालपासून अकरा बायका येऊन चहा पिऊन गेल्या. साखर संपली.

(मावशी, मी का थांबले असं आत्याबाई विचारतायत. रिफिल संपली म्हणून सांगितलं. संपलेली नाही. — शुभांगी)

तर लांडग्याचं उलट टपाली कळव. रावजी बुधवारी परत येनार हाय. तुझ्या मालकाच्या खोकल्याला अडुळसा दे. माझा जीव तुझ्यापाशी हाय असं समज.

तुझी थोरली
चंद्रभागा

॥ श्री ॥

घोटी
२८ जानेवारी १९९७

चि. सौ. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

घोटीच्या बाजारात काल मला कळलं की नाशिकजवळ दोन लांडग्यांनी एका बाईवर झडप घातली, त्यातल्या एकाला तिनं विळ्यानं उभा चिरला आणि दुसरा तिचा हात घेऊन पळाला. सांगणारा मला बघून थांबला आणि म्हणाला, अहो, ही तुमचीच बहीण ना? मी सांगितलं की माझ्या बहिणीला झुरळ मारता येत नाही. तो म्हणाला, वेळ आली की अंगात येतं.

वाईट म्हणजे तुझे दाजी. गिरणीवर भात कांडायला आलेल्या लोकांना ते आधी खरं सांगत होते, पण खरं ऐकून लोक नाराज होऊन जातात असं त्यांच्या लक्षात आलं. आता तिसरा लांडगा त्यांनी स्वतः घातलाय.

शुभा, आत्याबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग. पदरानं झाकणारी सासू सगळ्यांना मिळत नाही. माझी तर माझे केस गळतात हेसुद्धा पाहुण्यांना सांगते. पण मला एकच भीती वाटते. गावाला एकदा लांडगा हवा झाला की ते तो कुठून तरी आणतील. खोटं आपल्या दारात जन्मतं आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन चावतं. तुम्ही दोघी बसून यातून कसं निघायचं ते ठरवा.

आणि तपासण्यांचं काय? तू पिंजऱ्याच्या पत्रात लांडग्यावर चार पानं लिहितेस आणि मूत्रपिंडाच्या निकालाची एक ओळही नाही. मी देवापुढे बसते तेव्हा त्याला लांडग्याबद्दल काही विचारत नाही.

पत्र लगेच टाक. नाहीतर ओटा झाडून ठेव.

तुझी
छायाताई

॥ श्री ॥

मखमलाबाद, नाशिक
९ फेब्रुवारी १९९७

ती. स्व. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आधी तुझ्या जिवाला स्वस्थ करते. मूत्रपिंडं ठीक आहेत. रोग चरबीच्या थरातच आहे, खाली उतरलेला नाही. गोळी चालू ठेवायची, डोळे तपासत राहायचे, अधूनमधून रक्त द्यायचं. नव्या गाठी थांबल्यात. खड्डे मात्र राहणार, गालाचासुद्धा.

आता ऐक. तू लिहिलंस तसंच झालं.

गुरुवारी हे बाजारात गेले होते आणि मी उन्हाची घरात होते. आत्याबाई शेळीला पाला द्यायला पिंजऱ्यात शिरल्या. बाहेरून टाकलेला तिला खाता येत नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मागोमाग नाथाचा मंगळू शिरला. कुणाचा तरी पाय आतल्या फळीवर पडला आणि दार धाडकन खाली आलं. मी छत्री घेऊन धावले तर आत तिघं: आत्याबाई, शेळी आणि कुत्रा. दार उचलेना. त्याचा खटका फक्त रावजींना काढता येतो, आणि रावजी दिंडोरीला लग्नाला गेलेले.

आवाजानं गाव गोळा झालं. लांबून लोकांना आत राखाडी जनावर आणि लुगडं दिसलं. पहिली बातमी अशी फुटली की लांडगा सापडला, दुसरी अशी की त्यानं म्हातारी खाल्ली. आत्याबाई आतून ओरडून सांगत होत्या की मी जिवंत आहे, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं.

जवळ आल्यावर ते कुत्रं आहे हे दिसलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं की मग चावणारा हाच. माणसाची चटक लागली असणार, आत्ताच ठेचा. काठ्या होत्या, एकाकडे पहार होती. नाथा धावत आला. तो उंच माणूस नुसता मंगळू, मंगळू करत गजांना धरून होता. पहार आत घुसली तशी आत्याबाईंनी कुत्र्याला मांडीत ओढलं, वर पदर घातला आणि गावातल्या एकेकाच्या बापाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. आधी मला भोसका म्हणाल्या. मग नवसाबाई पुढे झाली आणि म्हणाली की कुत्रं नाही, तर तुमच्या सुनेला चावलं तरी काय?

ताई, आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून.

मी छत्री मिटली. यांचा शर्ट काढला, बाही वर केली आणि दंड सगळ्यांसमोर धरला. म्हणाले की मला काहीच चावलेलं नाही. हा आजार आहे, माझ्याच अंगातून उठलेला. लागत नाही, पण खड्डे पाडतो. लांडगा हे त्याचं नाव आहे. आणि मी पिंजऱ्याचा गज धरून उभी राहिले.

मग एक म्हातारेबाबा म्हणाले की हे खोटं आहे, लांडगा त्यांनी स्वतः पाहिलाय. दुसऱ्यानं दोन पिल्लांसकट पाहिला होता. तिसऱ्यानं विचारलं, मग त्याची कोंबडी कोणी नेली? मी सांगत होते की मला लांडगा चावला नाही, आणि गाव मला पटवत होतं की चावला. त्या गोंधळात पहारवाला पहार टेकवून वादात सामील झाला आणि मंगळू वाचला.

रावजी दिवस मावळताना आले, लग्नाचा फेटा डोक्यावर. त्यांनी दार उघडलं, सगळं ऐकलं आणि कागदावर लिहिलं की पिंजऱ्यात एक महिला, एक शेळी, एक कुत्रा आढळून आले; तिन्ही सुखरूप असल्याने त्यांच्या अधिवासात सोडून देण्यात आले.

दोन गिऱ्हाइकांनी आमची फुलं बंद केली. बाकीच्यांनी काही विचारलं नाही. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा करताना म्हणाल्या, माझ्या लांडग्यात काय वाईट होतं? मग माझा कप त्यांनी आधी स्वतः उष्टा केला आणि मला दिला. कुंपणाकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल असा.

दाजींना सांग, तिसरा लांडगा मागे घ्या. माझी आठवण तुझ्या देवापुढे अशीच बसू दे.

तुझी
शुभा

॥ श्री ॥

मखमलाबाद, नाशिक
१५ मे १९९७

ती. स्व. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून तू ओट्यावर यायची तयारी केली असशील. खरंच ये, कारण इथे दवाखाना उघडलाय आणि डॉक्टर मी आहे.

झालं असं, की त्या दिवसानंतर एक बाई दुपारी आली आणि दार लोटून पाठीवरचा डाग दाखवला. दुसऱ्या दिवशी दुसरी, पायावरचा जुना भाजल्याचा वण घेऊन. मग रोजच. मी म्हणते की मला यातलं काही कळत नाही. त्या म्हणतात, नाही कळलं तर नको, बघ फक्त. आत्याबाई ओट्यावर बसून नंबर लावतात. कालवडीचा खूर दाखवायला आलेल्याला त्यांनी परत पाठवलं, पण आधी स्वतः बघून घेतला.

मी बघते आणि ज्याला डॉक्टर हवा त्याला पाठवते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं की तुमच्या गावात एकदम झालंय तरी काय?

गेल्या महिन्यात नवसाबाई आली. ओट्यावर गर्दी नाही अशी वेळ साधून. बराच वेळ मोगऱ्याच्या भावाबद्दल बोलली, जावयाच्या नोकरीबद्दल बोलली. उठली, दाराला कडी घातली, माझा हात धरला आणि पदराखाली छातीवर नेऊन ठेवला. ताई, कडक गाठ होती, बोराएवढी. मी विचारलं की कधीपासून. म्हणाली, मागच्या पोळ्यापासून. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलीला नाही, कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रिक्षानं मोठ्या दवाखान्यात गेलो. आत्याबाई मध्ये बसल्या आणि खड्डा आला की रिक्षावाल्याला शिव्या देत राहिल्या, म्हणजे आम्हा दोघींना काही बोलावं लागू नये. गाठ वाईट निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात की उशीर झालाय, पण फार नाही. अजून किरणांचे उपचार आहेत. शुद्धीवर आल्यावर तिची पहिली तक्रार अशी की इथला चहा पाणचट आहे. आत्याबाई आता रोज थर्मास भरून पाठवतात.

सोमवारी किरणांना मी तिच्याबरोबर जाणार आहे. तिचा मोगरा खुडायला माणूस नाही, आणि मला ऊन चालत नाही. म्हणून तू ये. मुलींना आण, दाजींना आण, ते घोरले तरी चालेल.

परवा मी तिच्या उशाशी बसले होते. तिनं विचारलं की त्या दिवशी एवढ्या लोकांसमोर बाही वर केलीस, तुला भीती नाही वाटली? मी म्हणाले, वाटली, फार वाटली. तिनं थर्मासमधला चहा माझ्यापुढे केला. मग म्हणाली, बरं झालं सांगितलंस. इतके दिवस मला वाटायचं, मला एकटीलाच वाटते.

लवकर ये. ओटा झाडून ठेवलाय, आणि आम्ही सगळे त्यावर तुझी वाट बघत बसलोय असंच समज.

तुझी
शुभा